दीड वर्षाचा बॉर्डर कोली, टू बीएचके आणि आम्ही. घ्यावा का?

मधुरा_सौदागर

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतलं एक जोडपं पुढच्या महिन्यात कॅनडाला चाललंय आणि त्यांचा दीड वर्षाचा बॉर्डर कोली, सिंबा, आम्ही ठेवून घ्यावा असं त्यांचं म्हणणं आहे, पैसे वगैरे काही नको, फक्त घर चांगलं हवं. गेले ८ दिवस ट्रायल म्हणून तो आमच्याकडेच आहे. हुशार म्हणजे अति हुशार, तिसऱ्या दिवशी बाल्कनीचं सरकतं दार नाकाने उघडून बाहेर बसला होता. लेक (वय ७) तर त्याला सोडायलाच तयार नाही.

पण परवा पार्किंगमध्ये ५-६ पोरं पकडापकडी खेळत होती, हा माझ्या हातातून पट्टा सोडवून सुटला आणि त्यांच्याभोवती गोल गोल पळत सगळ्यांना लिफ्टच्या कोपऱ्यात गोळा केलं!! भुंकला नाही, काही नाही, नुसता वाकून बघत होता. एक मुलगा पळाला तर त्याच्या टाचेला तोंड लावलं. ओरखडापण नाही आला, पण त्याची आई आता माझ्याशी बोलत नाही. शिवाय पंख्याची सावली भिंतीवर फिरते ना, ती अर्धा अर्धा तास बघत बसतो. डिलिव्हरीवाल्याची बाईक दिसली की जमिनीला चिकटून दबा धरतो. सकाळ संध्याकाळ एकेक तास फिरवतो, वर तासभर बॉल, तरी रात्री ११ वाजता बॉल आणून मांडीवर. नवरा म्हणतो याला दमवता दमवता आपणच खपणार. हा चावरा आहे का? का आमचंच काहीतरी चुकतंय? जर्मन शेफर्ड माहेरी होता, तो असं काही करायचा नाही.

भटक्या७७

फ्लॅटमध्ये देशी कुत्रं पाळा, सुखी राहाल. बाकी चालू द्या.

टेकडीवाला_कोथरूड

मधुराताई, आमच्याकडे बॉर्डर कोली आहे, आता ६ वर्षांची. पहिलं वर्ष आम्हीही रडलोय त्यामुळे जरा लांबण लावतो.

चावरा नाहीये तो, मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा आहे. शिकारी प्राण्याचं कसं असतं, आधी नजर लावायची, मग दबकत जायचं, मग पाठलाग, मग पकडायचं आणि मारायचं. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून याच्यातले पहिले तीन ठेवले आणि शेवटचे दोन दाबले. तुम्ही पार्किंगमध्ये बघितलं ते हेच, पोरं म्हणजे मेंढ्या आणि पळालेला मुलगा म्हणजे कळपातून फुटलेलं मेंढरू. जर्मन शेफर्डसुद्धा मूळचा मेंढ्यांमागचाच, पण त्याच्यात ही नजर लावायची खोड नसते, म्हणून माहेरच्या अनुभवाने याला मोजू नका.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही त्याला कमी नाही, जास्त पळवताय. आम्हीपण वेताळ टेकडीवर दोन तास नेऊन वर बॉल टाकायचो, तीन महिन्यांत आमच्या बाईसाहेब म्हणजे अशा अॅथलीट झाल्या की दोन तासांनीही तिचं काही होईना. बॉलने तो दमत नाही, पेटतो. बॉल आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, बास. त्याऐवजी डोक्याला काम द्या. अर्धं जेवण घरभर लपवून शोधायला लावा, खेळण्यांना नावं द्या. अमेरिकेत चेझर म्हणून एक बॉर्डर कोली होती, तिला १०२२ खेळण्यांची नावं येत होती आणि २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, त्यामुळे सिंबाला १० तरी यायला हरकत नाही :) आणि दुपारी सक्तीची झोप. एक खोली, पडदे बंद, दोन तास. लहान मुलाला झोपवतो तसंच. ही जात स्वतःहून थांबत नाही, थांबायला शिकवावं लागतं.

पंख्याची सावली मात्र हसण्यावारी नेऊ नका. हळूहळू वेड लागतं त्याचं. दिव्याची जागा बदला, बघायला लागला की हाक मारून दुसरीकडे न्या, आणि लेझर लाइटचं खेळणं कोणी दिलं तर फेकून द्या. पोरांच्या पळापळीत तो मोकळा सुटता कामा नये, निदान सहा महिने. पट्टा घट्ट बसतोय का तेही बघा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरात. केस कापून भादरू नका, ती दुहेरी झूल उन्हापासूनपण वाचवते. आणि बॉल खेळता खेळता अचानक मागचे पाय लटपटायला लागले, नजर हरवल्यासारखी झाली तर लगेच खेळ थांबवून सावलीत घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. बॉर्डर कोली कोलॅप्स म्हणतात त्याला, उन्हात जास्त दिसतो पण कडक ऊन नसतानाही होऊ शकतो.

वेल्सवासी

वरच्या प्रतिसादाला +१. मी गेली ११ वर्षं वेल्समध्ये आहे, घराच्या मागेच मेंढ्यांची कुरणं. इथल्या बाला गावात १८७३ मध्ये मेंढपाळ कुत्र्यांची पहिली स्पर्धा झाली असं इकडचे लोक अभिमानाने सांगतात. आज जे बॉर्डर कोली दिसतात त्यातले जवळपास सगळे ओल्ड हेम्प नावाच्या एकाच कुत्र्यापर्यंत मागे जातात, १८९३ चा, नॉर्थम्बरलंडचा. तो म्हणे आवाज न करता नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. त्यामुळे सिंबा भुंकला नाही हे वाचून मला तर भारी वाटलं (त्या मुलाच्या आईला सांगू नका).

सांगायचं ते वेगळंच. शेजारचा शेतकरी कुत्रीला 'कम बाय' म्हटलं की ती घड्याळाच्या काट्यांसारखी वळसा घेते, 'अवे' म्हटलं की उलटा, आणि लांब असेल तर हेच सगळं शिट्टीवर. बघत राहावं असं असतं. पण मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं, 'दॅट्ल डू'. म्हणजे झालं, पुरे. एवढं म्हटल्यावर पन्नास मेंढ्या समोर असताना ती त्यांच्याकडे पाठ करून परत येते आणि क्वाड बाइकवर चढून आडवी होते. काम संपलं की संपलं, आणि हे तिला बाकी कामासारखंच पद्धतशीर शिकवलेलं असतं. तुमच्या सिंबाला तसा एक शब्द हवाय. प्रत्येक खेळ त्याच शब्दाने संपवा, मग वस्तू कपाटात, आणि त्यानंतर कितीही लाडीगोडी लावली तरी ढिम्म राहायचं. तीनेक आठवडे जातील.

सागर_फलटण

ताई आम्ही धनगर, वडिलांपर्यंत मेंढरं होती, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तांडा, कोकणात उतरायचा. बातमीत वगैरे आमच्या कुत्र्यांना पण लोक मेंढपाळ कुत्रा म्हणतात म्हणून लिहितोय. आमची कुत्री मेंढरं हाकत नाहीत, राखतात. हाकायचं काम माणसाचं, म्होरं एक जण चालतो, हाळी देतो, मेंढरं माग धरतात. कुत्रं दिवसा पाय ओढत कुठंतरी मागं येतंय, बघणाऱ्याला वाटावं किती आळशी. खरी ड्युटी रात्री. मेंढरं वाघरात (जाळीच्या कुंपणात) कोंडली की ते बाहेरच्या अंगाला झोपतं, एक कान उघडा, आणि लांडग्याचा वास लागला की जे उठतं ते बघायलाच नको. त्याला मेंढरू पळालं काय न बसलं काय, देणंघेणं नाही.

तुमचा उलटा आहे, त्याला हललेलं सोसत नाही. म्हणजे दोन्ही मेंढरांचीच कुत्री पण नोकरी वेगळी. भटक्याभाऊंचं देशी पाळा बरोबर असेल, पण हे पोर तर दारात येऊन बसलंय ना आता. एक बघा, आमचा आजा कुत्र्याला भाकरी नेहमी मेंढरं कोंडल्यावरच द्यायचा, आधी नाही. कुत्र्याला कळायचं आता दिवस संपला.

मधुरा_सौदागर

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांचा रिपोर्ट: बॉल कपाटात. शब्द 'पुरे' ठरलाय. दुपारी लेकीच्या खोलीत पडदे लावून झोपवतेय, पहिल्या दिवशी ४० मिनिटं दाराशी कुरकुर, काल चक्क घोरत होता. सागर, तुमच्या आजोबांची आयडिया उचलली, रात्रीचं जेवण आता सगळं आवरून झाल्यावर. ११ चा बॉल बंद झालाय, त्याऐवजी माझी चप्पल आणतो पण ठीके. पंख्याचं अजून आहेच, लाइट बदलला तर टीव्हीवरची चमक शोधली त्याने.

अजून एक, त्याच्या पोटाला दोन गोचीड सापडले. सोसायटीत एक जण म्हणाला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्या, स्वस्तात काम. देऊ का?

टेकडीवाला_कोथरूड

कोणाच्या सांगण्यावरून अजिबात नाही! कोली जातींमध्ये एमडीआर१ नावाचा जनुकदोष असू शकतो, तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस थेट मेंदूपर्यंत जातो, जिवावर बेतू शकतं. आपल्या बॉर्डर कोलीत हा दोष रफ कोली या दुसऱ्या जातीपेक्षा खूप कमी सापडतो, पण विषाची परीक्षा कशाला. डॉक्टरांना जात आधी सांगा, गोचिडांवर दुसऱ्या गोळ्या मिळतात. आणि आधीच्या मालकांकडून फाइल मागून घ्या, ते विमानात बसायच्या आत.

मधुरा_सौदागर

फाइल आणली आत्ताच, शनिवारी डॉक्टरांकडे. लिफ्टमध्ये त्या मुलाची आई भेटली होती, सिंबा पायाशी बसून होता, तिने विचारलं हा चावत नाही ना. म्हटलं शिकतोय.