लाडकी बहीण विरुद्ध रोजगार हमी: पैसा येतो कुठून?

हिशेबनीस
माझ्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लावला होता, हे आता कापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 72 च्या दुष्काळात ज्या कामांवर माणसं जगली, त्यांचा विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीने 1977 मध्ये कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावच्या मजुराचा भार उचलायचा, बदल्यात पाझर तलाव, नालाबांध, 1990 नंतर फळबागा. चोख हिशेब.

बायकांना महिना 1500 देणारी लाडकी बहीण जाहीर झाली जून 2024 मध्ये, विधानसभा तोंडावर असताना. 2025-26 ची तरतूद 36,000 कोटी आणि अंदाजित महसुली तूट 45,891 कोटी. ओवाळणी उधारीवर! पैसे जरूर द्या, पण त्यासाठी कर लावायची धमक दाखवा आणि मागे काहीतरी उभं राहू द्या.

कांदेवाली
आमच्याकडे शेळी उभी राहिली. जाऊबाईंनी हप्ते साठवून घेतली, आता दोन पिल्लं आहेत. सरकारी वहीत ती दिसणार नाही, तलाव दिसतो.

आणि रोजगार हमीचं कौतुक मला सांगू नका. आईबरोबर खडी फोडायला मी गेलेय. मुकादम माप कमी धरायचा, मस्टर म्हणजे हजेरीपट निघायला महिना, पैसे हातात यायला त्याहून उशीर. तोवर वाण्याची उधारी. तुमच्या चोख हिशेबात ती उधारी धरली का?

कर फक्त पगारदार भरतो, हेही डोक्यातून काढा. तेलाच्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी मीही भरते.

बांधावरून
ताई, तुमचं खरं असेल, पण खुरपणीला बाया मिळेनात. दीड हजार घरबसल्या आले की कोण येतंय उन्हात?

कांदेवाली
दीड हजार म्हणजे दिवसाला 50 रुपये. तेवढ्यावर बाई घरी बसत असेल, तर भाऊ, तुमच्या मजुरीत काहीतरी गडबड आहे.

सातपुड्यातला
तुमच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. मे 2025 मध्ये या योजनेकडे सामाजिक न्यायचे 410 कोटी आणि आदिवासी विकासचे 335 कोटी वळवले. खुद्द सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट उघड चिडले. निती आयोगाच्या 2021 च्या बहुआयामी गरिबी अहवालात आदिवासीबहुल नंदुरबारचे निम्म्याहून जास्त लोक गरीब होते. एका गरिबाच्या ताटातली भाकरी दुसऱ्याच्या ताटात, आणि वाढप्याचा सत्कार! आश्रमशाळेत गादी नाही म्हणून पोरगं सतरंजीवर झोपतं, त्याची आई लाडकी बहीण आहेच की. तिला विचारा, काय हवंय.

तळटीप
हिशेबनीस, कर लावायची धमक सोडा. व्यवसाय कराला घटनेच्या कलम 276 नेच वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातलीय, तीही 1988 पासून. 200 गुणिले 11 अधिक 300 करून पाहा. तुमचं फेब्रुवारीचं कोडं सुटेल. 1988 ला 2,500 म्हणजे काय रक्कम होती आणि आज काय! राज्याला वाटलं तरी त्यात एक रुपया वाढवता येत नाही.

हिशेबनीस
मान्य, ही मर्यादा मला माहीत नव्हती. शेळीचंही मान्य. पण निवडणुकीत सत्ताधारी 1500 चे 2100 करू म्हणाले ते कशातून? आणि नमो शेतकरी योजनेचे पैसे जिला मिळतात तिला इथे 500 च, हे फॉर्म भरताना किती जणींना कळलं होतं? 14 हजारांवर पुरुषही लाभार्थी निघाले, ते वेगळंच.

तळटीप
कर लावलाच नाही असंही नाही. जून 2025 मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, 14,000 कोटी जास्तीचे अपेक्षित धरून. देशीची 70 ची क्वार्टर 80 ला झाली.

कांदेवाली
म्हणजे बहिणीला द्यायचे ते दाजींच्या बाटलीतून काढायचे. आमच्या शेजारच्या घरात दाजी रोज एक क्वार्टर घेतात. दहाच्या हिशेबाने महिन्याचे 300 जास्तीचे गेले, त्यातले काही परत तिजोरीतच की. हिशेबनीस, हे धरा आता वहीत.