सोव्हिएत विज्ञानकथा: सेन्सॉरने घडवली की चेचली?

धूमकेतू:
सोव्हिएत विज्ञानकथेला जी धार आली, ती सेन्सॉरमुळेच, असं माझं मत आहे. विज्ञानकथाकार स्ट्रुगात्स्की बंधूंच्या 'देव होणं कठीण' (1964) या परग्रहावर घडणाऱ्या कादंबरीतला खलनायक मुळात डॉन रेबिया होता. अक्षरं फिरवा, स्टालिनचा पोलीसप्रमुख बेरिया समोर उभा! ज्येष्ठ विज्ञानकथाकार इव्हान येफ्रेमोव्हच्या सल्ल्यावरून त्याचा रेबा झाला, तरी जाणत्याला कळायचं ते कळतंच. उघड लिहायची मुभा असती, तर परग्रहावरच्या मध्ययुगात कोण कशाला गेलं असतं?

रातराणी:
साफ असहमत. जे छापलं गेलं तेवढंच तुम्ही मोजताय. याच भावांनी 'अभागी नगर' 1972 मध्ये लिहून पूर्ण केलं आणि कुणा संपादकाला दाखवलंसुद्धा नाही. टंकलिखित प्रती विश्वासातल्या मित्रांकडे लपवल्या. छपाई सुरू व्हायला 1988 उजाडलं. लेखक झाम्यातिनची 'आम्ही' ही कादंबरी 1921च्या सुमाराची, तीही मायदेशात 1988 मध्येच आली. तो बिचारा 1937 लाच पॅरिसमध्ये वारला होता.

आणि सेन्सॉर म्हणजे दर वेळी रूपकं हुडकणारा चतुर शत्रू नव्हे हो. स्ट्रुगात्स्कींचीच 'रोडसाइड पिकनिक' 1972 मध्ये 'अव्रोरा' मासिकात आली, पुस्तक निघालं 1980 मध्ये, तेही कापाकापी करून. आक्षेप कशावर? पात्रांच्या शिव्या, दारू, मारामारी! यातून कसली धार येते? दोन लेखकांची भर उमेदीतली आठ वर्षं या झटापटीत गेली.

जुना वाचक:
तुम्ही दोघंही प्रत्येक लेखकाला छुपा विरोधक धरून चाललाय. येफ्रेमोव्ह तसा नव्हता. गोबी वाळवंटात डायनोसॉरचे सांगाडे खणणारा हा शास्त्रज्ञ साम्यवादी भविष्यावर मनापासून विश्वास ठेवायचा. त्याची देवयानी दीर्घिकेवरची कादंबरी 1957 मध्ये, स्पुटनिकच्याच वर्षी आली. ते स्वप्न खरं होतं, कुणी लादलेलं नव्हतं.

रातराणी:
मग त्याच येफ्रेमोव्हचं पुढे काय झालं तेही सांगा. 'बैलाचा प्रहर' ही त्याची कादंबरी 1970 मध्ये पुस्तकरूपात आली आणि लगेच ग्रंथालयांतून काढून घेतली गेली. ऑक्टोबर 1972 मध्ये तो गेला, आणि महिन्याभरात केजीबीने त्याच्या घराची झडती घेतली. ज्याने त्यांचंच स्वप्न रंगवलं, त्याच्या विधवेच्या घराची!

धूमकेतू:
झडतीचं मला माहीत नव्हतं. वाचून गलबललो. 'सेन्सॉरमुळेच' मधला 'च' मागे घेतो. पण नजर चुकवून लिहायची ती कसरत रेबाच्या पानापानांत मुरलेली आहे, एवढं मी अजूनही म्हणेन.