मदत हवी आहे : मेथॅनॉल आणि अमोनियावर चालणाऱ्या जहाजांसाठी व्हॉल्व्ह बॉडी कोणत्या धातूत ओताव्यात?

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीमध्ये आमची लहान फाउंड्री आहे. काम मुख्यतः एसजी आयर्नचे (चिवट ओतीव लोखंडाचे) असून पंप आणि व्हॉल्व्हसाठी थोडेफार गनमेटल (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) व सीएफ८एम स्टेनलेसही आम्ही ओततो. एका जुन्या ग्राहकाने जहाजांवरील नव्या इंधनांच्या पाइपलाइनसाठी व्हॉल्व्ह बॉडी देता येतील का, असे विचारले आहे. मात्र इंधन मेथॅनॉल असेल की अमोनिया, हे त्यांचेही अद्याप ठरलेले नाही, आणि इंधन बदलले की आमचा धातू बदलतो.

मेथॅनॉल नेहमीच्या तापमानाला द्रवच राहत असल्यामुळे त्यात थंडीचा प्रश्न येत नाही, फक्त ॲल्युमिनियम व जस्त टाळावे लागते आणि रबरी सील पारखून घ्यावे लागतात. अमोनिया मात्र तांब्याच्या मिश्रधातूंना तडे पाडतो, त्यामुळे गनमेटल तिथे बाद ठरते; शिवाय साध्या वातावरणीय दाबाखाली तो द्रवरूपात साठवायचा, तर तापमान उणे ३३ अंश सेल्सिअस ठेवावे लागते. उणे १६२ अंशांच्या एलएनजीचे (द्रवरूप नैसर्गिक वायूचे) काम आम्ही विचारातच घेतलेले नाही.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली ठरवलेले उद्दिष्ट २०५०च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आहे, पण ते अमलात आणणाऱ्या नियमावलीवरचा निर्णय ऑक्टोबर २०२५मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला, त्यामुळे जहाजमालक सावध असणार हे उघड आहे. माझा कल मेथॅनॉलकडे आहे. अमोनियात कार्बन नसला तरी तो विषारी आहे आणि त्याच्या ज्वलनातून नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायू सुटला, तर कार्बन कमी केल्याचा बराचसा फायदा वाया जातो.

दोन्ही इंधनांसाठी सरसकट सीएफ८एम वापरून एकाच पॅटर्नवर (साचा बनवण्याच्या नमुन्यावर) काम भागवावे, की अमोनियासाठी उणे ४६ अंशांपर्यंत चालणारे, तुलनेने स्वस्त एलसीबी पोलाद पुरेसे होईल? इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या वर्गीकरण संस्थेची (जहाजे व त्यांचे भाग तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) मान्यता आधी फाउंड्रीला घ्यावी लागते की प्रत्येक कास्टिंगची तपासणी पुरते, आणि इम्पॅक्ट टेस्ट (थंडीत धातू आघाताने तुटतो का याची चाचणी) दर हीटला, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळीला, करावी लागते का? ज्यांनी जहाजाच्या कामासाठी कास्टिंग दिले आहे, त्यांनी कृपया खर्चाच्या अंदाजासह सांगावे, कारण ग्राहकाला कोटेशन देण्यापूर्वी नव्या पॅटर्नचा निर्णय घ्यायचा आहे.