मदत हवी आहे: मॉडेल एमच्या स्पेसबारची तार

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. वडिलांच्या ऑफिसातला आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड माझ्याकडे आलाय. ही जात १९८५ पासूनची. प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग वाकून टकटक आवाज होतो. बाकी सगळं झकास चालतं, अडतो तो स्पेसबार. मधोमध दाबला की नीट, डाव्या टोकाला दाबला की तिरका होऊन अडकतो.

एवढ्या लांब बटणाला स्प्रिंग एकच, म्हणून खाली आडवी पोलादी तार असते. एक टोक दाबलं की ती दुसरंही खाली ओढते. माझ्या तारेला पीळ बसलाय. काचेवर ठेवली की एक पाय वर राहतो.

तार पकडीने सरळ करू का? की लगेच परत वाकेल? गोलाणी मार्केटात नवे कीबोर्ड भरपूर, पण अशी स्प्रिंगची तार धुळे-जळगावकडे कुठे मिळेल? आणि ग्रीस कोणतं लावू? इथली धूळ चिकटून बसायला नको. आतलं उघडायचं नाही, जुने प्लास्टिकचे रिव्हेट तुटतात. हा कीबोर्ड मला रोज वापरायचाय, शोकेसमध्ये ठेवायचा नाही. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.