रेकॉर्ड चेर्नी-स्टेफान्स्काची, नाव लिपातीचं

परभणीकर: नांदेडकर दादांनी काल रोमानियन पियानोवादक दिनू लिपातीबद्दल लिहिलं, "लिपाती राहिला, बाकीचे विसरले गेले कारण दम नव्हता." वाचून राहवलं नाही. पोलंडची पियानोवादक हलिना चेर्नी-स्टेफान्स्का 1949 च्या वॉर्साच्या शोपाँ पियानो स्पर्धेत बेला डेव्हिडोविचसोबत पहिली आली. तिनं वाजवलेला शोपाँचा ई मायनर कंचेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) 1960 च्या दशकात लिपातीच्या नावानं एलपीवर निघाला. लोक तो लिपातीचाच समजून ऐकत राहिले. 1981 मध्ये तिची मूळ रेकॉर्ड आणि ही एलपी ताडली तेव्हा उलगडा झाला. दम नव्हता, तर फरक का नाही कळला?

नांदेडकर: लेबलची चूक कंपनीची. लिपातीनं 16 सप्टेंबर 1950 ला फ्रान्समधल्या बेझाँसोंला शोपाँच्या 14 पैकी 13 वॉल्ट्झ (नाचाच्या लयीतल्या रचना) वाजवले, चौदावा अंगातल्या आजारानं वाजवू दिला नाही. डिसेंबरात गेला, 33 व्या वर्षी. त्याचा खरा ई मायनर 7 फेब्रुवारी 1950 चा, झुरिकचा. तो ऐका, मग बोला.

लातूरकर: ताडायचं तर आधी स्पीड जुळवा. मिनिटाला 80 फेऱ्यांची तबकडी 78 वर लावली की स्वर जवळपास पाव स्वर उतरतो, लयही ढिली पडते. आणि आपल्याकडं लोक जुन्या तबकड्या स्पिरिटनं पुसायलेत! 78 ची तबकडी लाखेची असते, स्पिरिटात लाख विरघळते. खाचा गेल्या की गेल्या.

बीडकर: मग काय नळाखाली धरायच्या?

लातूरकर: बोअरचं पाणी तर अजिबात नको. क्षार खाचेत बसतात, वाळल्यावर पांढरी पूड आणि कायमची खरखर. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, लिटरला भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवा. नुसत्या डिस्टिल्डनं परत धुवा, सावलीत उभी वाळवा. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात ठेवली तर वाकलीच म्हणून समजा.

बीडकर: सुई एलपीचीच चालते की.

लातूरकर: नाही चालत! एलपीची 0.7 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ला 3 मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला टेकते, तिथं नुसता कचरा. पियानोचा आघात भिंतींवर कोरलेला असतो.

परभणीकर: धागा बाईंचा होता, धुण्याचा नाही. फाइल कराल तेव्हा निदान नाव तरी तिचं टाका.

नांदेडकर: टाकतो. "दम नव्हता" हे मागं घेतो. वॉल्ट्झबद्दल लिहिलं त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.