कोरियातली लव्ह मोटेल: फोटो आणि माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी दक्षिण कोरियातल्या लव्ह मोटेलांवर, म्हणजे जोडप्यांना एकांतासाठी काही तासांपुरतीही खोली देणाऱ्या छोट्या हॉटेलांवर, काम करतेय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या सुमारास मोटेलं वाढली आणि बस टर्मिनल, स्टेशनांभोवती त्यांचे पुंजके झाले. काँक्रीटच्या साध्या ठोकळ्यावर किल्ल्याचे बुरूज, घुमट, गच्चीच्या कडेने निऑन! आणि खाली पार्किंगच्या तोंडाशी लोंबत्या पट्ट्यांचा पडदा, गाडीचा नंबर रस्त्यावरून दिसू नये म्हणून. मला तो पडदा बुरुजांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

२००० च्या सुमारास सोलजवळच्या इल्सानमध्ये घरांच्या आणि शाळांच्या जवळ आलेल्या मोटेलांविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग पटतो. पण लग्न होईपर्यंत आईवडिलांकडे राहणाऱ्या तरुणांना एकांत हवाच ना? म्हणून नुसतं ‘भडक’ म्हणून या इमारती मोडीत काढाव्यात असं मला वाटत नाही.

सोल, सुवोन, बुसानकडे कुणी राहतं का? एकाच जागेवरून दिवसा आणि रात्री काढलेले रस्त्याचे फोटो मिळतील का? माणसं आणि गाड्यांचे नंबर नकोत. बुरूज काढून साधं रूप दिलेलं मोटेल कुठे पाहिलंय का? कोरियन पाट्या वाचून देणारं कुणी भेटलं तर फारच बरं होईल.