'हंट सॅबोटर'ला मराठीत काय म्हणावं?

ओळंबा
मंडळी, एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय आणि अडकलेय. इंग्लंडात घोड्यांवर बसून, कुत्र्यांचा जथा सोडून कोल्ह्याची शिकार करतात. ती उधळून लावणारे कार्यकर्ते म्हणजे 'हंट सॅबोटर'. मी 'शिकारविरोधी घातपाती' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, "हे अतिरेकी आहेत का?" शेरा पटलाच. रुळांच्या फिशप्लेटा काढल्या की पेपरात 'घातपाताची शक्यता' येते. ही माणसं तर झुडपांवर फवारे मारतायत. सुचवा काहीतरी, आणि आटोपशीर सुचवा.

शुद्धमती
'पारधभंजक'. शिकार फारसी, पारध आपली.

कावळेकाका
ताई, पारधभंजक ऐकून मला मूर्ती फोडणारे दिसले. शिवाय पारध म्हटलं की पारधी समाज आठवतो, ज्याला साहेबानेच जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्याच साहेबाच्या लाल कोटातल्या खेळाला हा शब्द कशाला?

शुद्धमती
मग 'विघ्नकर्ते' घ्या.

कावळेकाका
घोडेस्वारांचे विघ्नकर्ते, कोल्ह्याचे विघ्नहर्ते! भाद्रपदात बरं दिसेल.

डेव्हनची सून
मी इथे इंग्लंडात, डेव्हनमध्येच राहते म्हणून सांगते. ते स्वतःला नुसतं 'सॅब' म्हणवतात. त्यांची संघटना १९६३ साली आमच्या डेव्हनातल्या ब्रिक्सहॅमला निघाली. १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या जथ्याने कोल्हा मारणं बेकायदा आहे. तरी 'आम्ही आधी टाकून ठेवलेल्या वासामागे कुत्री सोडतो, मध्येच खरा कोल्हा आला तर काय करणार' म्हणत जथे निघतातच. मग कायदा मोडणारे कोण आणि घातपाती कोण?

एका २६ डिसेंबरला पाहिलेलं: तोंडाला फडकं बांधलेली एक पोरगी, पाठीला औषध मारायचा पंप. कोल्हा जिथून पळाला त्या बांधावर ती सिट्रोनेलाचं पाणी मारत होती. आमच्या गल्लीत गवती चहा उकळल्यासारखा वास. त्याने कुत्र्यांना माग लागत नाही. तिच्या जोडीदाराकडे वीतभर तांब्याचं शिंग. त्याने ते फुंकलं आणि पाच-सहा कुत्री मालकाचीच हाक समजून उलटी फिरली. मागून घोड्यावरच्या गृहस्थांनी जे शब्द वापरले त्यांचं भाषांतर मागू नका.

दापोलीकर
म्हणजे उलटा हाका! आमच्याकडे डुकरासाठी हाकारे डबे बडवत रान उठवायचे. (पेपरवाले 'विरोधकांनी रान उठवले' लिहितात ते इथूनच आलं असं माझं ठाम मत.) एकदा माझा काका ऐन वेळी खोकला आणि सावज दुसऱ्याच घळीत उतरलं. आजोबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मोडता घातलास." काका मरेपर्यंत सांगायचा, खोकला खरा नव्हता. तेव्हा 'शिकारीत मोडता घालणारे'.

ओळंबा
गोड आहे, पण लांब होतंय हो.

तिरपी रेघ
'शिकारमोडे'. घरमोडे चालतं तर हे का नाही? आणि सॅबोटाज मुळात फ्रेंच लाकडी बुटावरून, 'सॅबो'वरून. कामगार यंत्रात बूट टाकायचे.

कावळेकाका
ती बूट टाकण्याची गोष्ट मागून रचलेली. तसले बूट घालून खडखड चालावं तसं धसमुसळं काम करणं, हा मुळातल्या फ्रेंच क्रियापदाचा आधीचा अर्थ.

दापोलीकर
'कोलदांडा घालणे' कसं राहिलं? कोल्ह्याच्या वाटेत आडवा घातलेला दांडा तो कोलदांडा.

तिरपी रेघ
काहीही! विटी कोलतात त्यातला कोल तो.

कावळेकाका
दोन्ही नाही. हात बांधून गुडघ्यांखालून दांडा सारायची ती जुनी शिक्षा. कोल्ह्याचा संबंध लावाल तर कोल्हापूरही त्यातच घालाल.

दापोलीकर
घालणारे आहेत.

रानोमाळ
तुम्ही सगळे मुळातच चुकताय. कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा. संस्कृत क्रोष्टू, म्हणजे ओरडणारा, प्राकृतात कोल्हुअ, मग कोल्हा. कोल्हेकुई त्याचीच. उटकमंडला, म्हणजे उटीला, साहेब लोकांनी इंग्लंडहून कुत्री आणून खेळ मांडला तेव्हा कोल्ह्यामागेच धावले, खोकडामागे नाही. डेव्हनात मात्र खोकडच. तेव्हा 'कोल्ह्याची शिकार' आधी दुरुस्त करा.

शुद्धमती
इसापाचा कोल्हाही मग खोकडच. 'खोकडाला द्राक्षं आंबट' म्हणायचं का आता?

रानोमाळ
म्हणावं. फार जुनी चूक आहे.

डेव्हनची सून
माझ्या मुलाला मी कोल्हाच शिकवलाय. खोकड म्हटलं तर त्याला कुणीतरी आजारी वाटेल.

ओळंबा
आभार सगळ्यांचे. उद्या दुपारी फाइल द्यायचीय, तूर्त 'सॅब' ठेवलंय. आता ते खोकडाचं सगळीकडे बदलू की नको?

दापोलीकर
त्याआधी एक सांगा, काकडीला राजी होतो तो कोल्हा की खोकड? आमच्या परसात तर दोघंही येतात.